रिकाम्या रानात वाघ

मार्च २००९ मध्ये मध्य प्रदेशातल्या पन्नाच्या जंगलात दोन वाघिणी आणल्या गेल्या. एक बांधवगडहून रस्त्याने आली, दुसरी कान्हाहून हवाई दलाच्या हेलिकॉप्टरने. दोघीही तरण्या आणि धडधाकट होत्या. पण ज्या नराच्या भरवशावर त्यांना आणलं होतं, तो पन्नातला शेवटचा वाघ त्या पोहोचेपर्यंत नाहीसा झाला होता. सुमारे ५४३ चौरस किलोमीटरचं राष्ट्रीय उद्यान, मधून वाहणारी केन नदी, सांबर, चितळ आणि नीलगाई मुबलक, आणि त्या रानाचा स्वतःचा म्हणावा असा एकही वाघ शिल्लक नाही.

हे एका रात्रीत घडलं नव्हतं. १९९४ पासून पन्ना व्याघ्र प्रकल्प होता. १९९६ पासून रघू चुंडावत तिथल्या वाघांना रेडिओ कॉलर लावून त्यांचा अभ्यास करत होते. बुंदेलखंडातल्या कोरड्या, दगडाळ जंगलात वाघ कसा जगतो, हे त्यांच्या कामातून पहिल्यांदा नीट कळलं. मग त्यांच्या ओळखीच्या वाघिणी एकेक करून दिसेनाशा होऊ लागल्या. चुंडावतांनी हे वेळोवेळी सांगितलं, लिहिलं. वनखात्याने ते मानलं नाही. उलट चुंडावतांच्याच जंगलातल्या वावरावर बंधनं आली. २००६ च्या देशव्यापी अंदाजात पन्नात २४ वाघ दाखवले गेले होते. तीन वर्षांत तो आकडा शून्य झाला. शिकारी टोळ्यांनी वाघ मारले हे खरंच आहे, पण वाघ कमी होताहेत हे मान्य करायला जी वर्षं गेली, त्या वर्षांनी टोळ्यांचं काम सोपं केलं. माझ्या मते पन्नाचा पहिला धडा हाच आहे, आणि तो वाघांच्या पुनर्वसनाच्या यशाखाली दडपला जाऊ नये.

शेजारच्या जंगलांतून वाघ आपणहून का आला नाही, असा प्रश्न साहजिक आहे. नर वाघ वयात आला की आईचं क्षेत्र सोडून लांबवर निघतो. शेतं, रस्ते, नद्या ओलांडत शेकडो किलोमीटर जातो. मादी मात्र बहुधा आईच्या शेजारीच आपलं क्षेत्र मांडते. त्यामुळे एखादं जंगल पूर्ण रिकामं झालं तर तिथे भटका नर कधीतरी पोहोचेल, पण मादी येईल याची शक्यता फार कमी. नर एकटा फिरतो, डरकाळ्या फोडतो आणि निघून जातो. वाघ हरवलेल्या जंगलात बहुतेक वेळा वाघिणीच का आणाव्या लागतात, त्याचं उत्तर इथे आहे.

पन्नात गोष्ट उलटी झाली होती. वाघिणी आल्या, नर नव्हता. म्हणून नोव्हेंबर २००९ मध्ये पेंचहून एक नर आणला. कागदोपत्री त्याचं नाव टी-३. क्षेत्र संचालक होते आर. श्रीनिवास मूर्ती. काही दिवस कुंपणात ठेवून टी-३ ला मोकळं सोडलं. थोड्याच दिवसांत तो पन्नाची हद्द ओलांडून दक्षिणेकडे चालू लागला. छतरपूर, सागर, दमोह. ज्या दिशेने तो चालला होता त्या दिशेला पेंच होतं. बेशुद्ध करून गाडीतून आणलेल्या जनावराला आपलं घर कुठे आहे हे कळलं कसं, याचं पटेल असं उत्तर मला अजून कुठे मिळालेलं नाही.

त्याच्या मागावर वनरक्षक होते, हत्ती होते, कॉलरचा संकेत पकडणारे अँटेना होते. दिवसा वाघ झुडपात बसला की माणसं थांबत, रात्री तो उठला की तीही निघत. थंडीचे दिवस, अनोळखी मुलूख, आणि वाघाभोवती जमू पाहणारी गर्दी. सुमारे महिनाभरात टी-३ चारशे किलोमीटरहून जास्त चालला. एवढ्या वाटेत त्याने एकाही माणसाला इजा केली नाही. २५ डिसेंबरला दमोह जिल्ह्यात त्याला बेशुद्ध करून पकडलं आणि दुसऱ्या दिवशी पन्नात परत सोडलं.

तो पुन्हा निघून जाऊ नये म्हणून केलेला उपाय साधा, पण विचारपूर्वक होता. भोपाळच्या वनविहारातल्या वाघिणीचं मूत्र आणून जंगलात शिंपडलं गेलं. वाघ वासावर जगणारा प्राणी. कोणत्या झाडावर कोणी खूण केली, मादी माजावर आहे का, हे सगळं तो नाकाने वाचतो. इथे मादी आहे हे टी-३ ला कळलं आणि तो थांबला. लवकरच त्याची बांधवगडहून आलेल्या टी-१ शी गाठ पडली. १६ एप्रिल २०१० रोजी टी-१ ने चार बछड्यांना जन्म दिला. वाघिणीचा गर्भकाळ साधारण साडेतीन महिन्यांचा असतो. म्हणजे टी-३ परत आल्यानंतर फार दिवस गेले नव्हते. १६ एप्रिल हा दिवस पन्नात आजही वाढदिवसासारखा साजरा होतो.

त्याच वर्षी कान्हाहून आलेल्या टी-२ लाही पिल्लं झाली. पुढचा प्रयोग त्याहून धाडसी होता. कान्हात आई गमावलेल्या दोन वाघिणी कुंपणात माणसांच्या देखरेखीखाली वाढल्या होत्या. अशा वाघिणी जंगलात तग धरतील का, याबद्दल अनेकांना शंका होती. २०११ मध्ये त्यांना पन्नात सोडलं. त्यांतली टी-४ शिकार करू लागली, टी-३ बरोबर फिरू लागली आणि वर्ष संपायच्या आत आई झाली. शिकार कशी करायची हे आईने शिकवलं नसलं तरी जमू शकतं, हे तिने दाखवून दिलं. आज पन्नातल्या वाघांची संख्या पन्नासच्या पुढे गेली आहे. इथे जन्मलेले नर विंध्याच्या पट्ट्यात दूरवर पोहोचले आहेत. २०२१ मध्ये एक वाघीण मेली तेव्हा तिच्या चार बछड्यांची राखण त्यांच्या बापाने, पी-२४३ ने केली. नर वाघ पिल्लांच्या वाऱ्यालाही उभा राहत नाही, असं आपण वर्षानुवर्षं वाचत आलो होतो.

हे झालं वाघांचं. पण पन्ना उभं राहिलं ते माणसांमुळे, आणि त्यांच्याबद्दल लिहिलं जातं फार कमी. मूर्तींनी ‘जन समर्थन से बाघ संरक्षण’ ही घोषणा दिली आणि ती भिंतीवर रंगवून सोडून दिली नाही. गावकऱ्यांसाठी, शाळकरी मुलांसाठी जंगलात निसर्ग शिबिरं भरू लागली. पन्नाच्या आसपास पारध्यांच्या वस्त्या आहेत. आपल्याकडे महाराष्ट्रातही ‘गुन्हेगार’ हा इंग्रजांनी मारलेला शिक्का ज्यांच्या कपाळावरून अजून पुसला गेलेला नाही, तोच हा समाज. शिकारीचा संशय पहिल्यांदा त्यांच्यावर. पन्नात त्यांच्या मुलांसाठी वसतिगृहं निघाली, आणि पुढे पारधी तरुण पर्यटकांना पायी जंगल दाखवणारे वाटाडे झाले. पाखराची शीळ हुबेहूब काढणारा, दबलेल्या गवतावरून जनावर कधी गेलं ते सांगणारा माणूस. ही विद्या शिकारीतून आली, हे लपवायचं कारण नाही. ती आता मानाने पोटाला लागते, हे मला वाघांच्या संख्येइतकंच मोलाचं वाटतं.

हरवलेलं मोठं श्वापद परत आणायचा विचार आपल्या देशात नवा नाही. ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आफ्रिकेतून सिंह मागवले आणि श्योपूरकडच्या जंगलात सोडले. ते गुरांवर आणि माणसांवर उठले आणि प्रयोग संपला. १९५७ मध्ये उत्तर प्रदेशातल्या चंद्रप्रभा अभयारण्यात गीरचा एक सिंह आणि दोन सिंहिणी सोडल्या. १९६५ पर्यंत ते अकरा झाले, आणि मग एकही उरला नाही. ते कुठे गेले याचा छडा लागला नाही, कारण त्यांच्यावर नीट नजर ठेवलीच गेली नव्हती. राजस्थानातल्या सरिस्कात २००८ मध्ये रणथंभोरहून हेलिकॉप्टरने वाघ आणला, तो पन्नाच्याही आधी. पण पहिले तीन वाघ एकाच बापाचे निघाले, आणि पहिल्या नराला २०१० मध्ये विष घालून मारलं. पिल्लं दिसायला २०१२ उजाडलं. आता तिथल्या वाघांनी चाळिशी ओलांडली आहे, पण पहिली चार वर्षं हातातून गेल्यासारखीच होती.

सगळ्यांत कटू गोष्ट ओडिशातल्या सातकोसियाची. २०१८ मध्ये मध्य प्रदेशातून ‘महावीर’ नावाचा नर आणि ‘सुंदरी’ नावाची मादी तिथे नेली. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात वाघ नेण्याचा देशातला हा पहिला प्रयोग. जंगलातल्या आणि काठावरच्या गावांना विश्वासात घेतलेलं नव्हतं. सुंदरीच्या हल्ल्यात माणसं गेल्याचा आरोप झाला, लोक खवळले, वनखात्याच्या मालमत्तेवर राग निघाला. नोव्हेंबरात महावीर मेलेला सापडला. त्याच्या अंगावर फाशाची जखम होती. सुंदरीला पकडून दोनेक वर्षं पिंजऱ्यात ठेवलं आणि २०२१ मध्ये मध्य प्रदेशात परत पाठवलं. वाघ ज्या कारणाने एकदा संपले ते कारण तिथेच होतं. फासे तिथेच होते, गावकऱ्यांची भीती तिथेच होती. तरी गाडी निघाली.

आता आपल्या दाराशी. सह्याद्री व्याघ्र प्रकल्प जानेवारी २०१० मध्ये झाला. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून, सुमारे ११६५ चौरस किलोमीटर, सातारा, सांगली, कोल्हापूर आणि रत्नागिरी या चार जिल्ह्यांत पसरलेला. अनेक वर्षं तिथे वाघ म्हणजे एखादा ठसा, एखादं ओरबाडलेलं झाड. डिसेंबर २०२३ मध्ये चांदोलीत कॅमेऱ्यात एक नर सापडला. त्याचे पट्टे जुळवून पाहिले तर हाच वाघ २०२२ मध्ये राधानगरीत दिसला होता. पुढे आणखी नर दिसले. त्यांना सेनापती, सुभेदार, बाजी अशी नावं पडली. नर आले, मादी नाही. म्हणून केंद्राच्या मंजुरीने ताडोबा आणि पेंचमधून आठ वाघ आणायचं ठरलं, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये ताडोबाची एक तरुण वाघीण चांदोलीत पोहोचली. तिचं नाव आता ‘तारा’. आधी कुंपणाच्या आवारात ठेवून मग मोकळं करायचं, हीच पद्धत इथेही.

विदर्भात याची तालीम झाली आहे. मे २०२३ मध्ये ब्रह्मपुरीकडच्या दोन वाघिणी नवेगाव-नागझिऱ्यात सोडल्या. पुढच्या वर्षी आणलेली तिसरी काही दिवसांतच दुसऱ्या वाघाशी झालेल्या झुंजीत गेली. रिकामं वाटणारं जंगल वाघांच्या हिशेबात रिकामं असतंच असं नाही.

सह्याद्रीची अडचण वेगळी आहे. ताडोबात सागवान, बांबू आणि मुबलक चितळ. इथे दाट सदाहरित जंगल, तुटलेले कडे, उघडे सडे. एका वाघाला वर्षाला पन्नासेक मोठी जनावरं लागतात. सह्याद्रीत गवा, सांबर, भेकर आहेत, पण ताडोबासारखी दाटी नाही. सागरेश्वरातले चितळ चांदोलीत आणायचे प्रयत्न झाले ते यासाठीच. गावांच्या पुनर्वसनानंतर मोकळ्या झालेल्या जागी गवताळ पट्टे राखले, तर तिथे तृणभक्षी वाढतील. हे काम कॅमेऱ्यात दिसत नाही, त्याची बातमी होत नाही, आणि ते पाच-दहा वर्षांचं असतं.

दक्षिणेची वाट हा दुसरा प्रश्न. चांदोली, राधानगरी, तिलारी, गोव्यातली म्हादई, कर्नाटकातली काळी हा एकच पट्टा आहे. सेनापतीची मंडळी याच वाटेने आली. याच पट्ट्यात, सत्तरीतल्या गोळावलीला, जानेवारी २०२० मध्ये चार वाघ विषाने मेले. गुरं मारली गेली होती, आणि गुराख्यांचं नुकसान भरून निघालं नव्हतं. जुलै २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने म्हादई परिसर व्याघ्र प्रकल्प जाहीर करण्याचा आदेश दिला. राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं. एका बाजूला वाघीण शेकडो किलोमीटरवरून आणायची आणि दुसऱ्या बाजूला वाघांची आपली वाट मोकळी ठेवायला नाखूष राहायचं, हे मला पटत नाही. पन्नालाही हा विरोधाभास चुकलेला नाही. २५ डिसेंबर २०२४ रोजी, म्हणजे टी-३ पकडला गेला त्याला बरोबर पंधरा वर्षं झाली त्या दिवशी, केन-बेतवा नदीजोड प्रकल्पाची पायाभरणी झाली. त्यासाठी पन्नातली ६०१७ हेक्टर वनजमीन वळवली जाणार आहे.

कोयनेच्या पठारांवर गवळी धनगरांचे वाडे आहेत. म्हशी तिथे पिढ्यानपिढ्या रानातच चरतात. ताराच्या गळ्यातल्या पट्ट्यामुळे ती कुठे आहे हे वनखात्याला कळत राहतं. तसंच कोणत्या वाड्यावरची म्हैस गेली, पंचनामा कोणत्या तारखेला झाला आणि पैसे मालकाच्या हातात कधी पडले, याचीही नोंद रोज ठेवून दर महिन्याला गावच्या चावडीवर लावावी. वाघीण किती किलोमीटर फिरली या बातमीआधी मी तो कागद वाचेन.