एकासारखा दुसरा चिरा

१९ ऑगस्टचा जागतिक छायाचित्रण दिन तोंडावर आला की कॅमेरा क्लबांच्या स्पर्धा जाहीर होतात आणि विषयांमध्ये ‘पॅटर्न’ हमखास असतो. प्रवेशिकाही ठरलेल्या येतात: वळणदार जिना, टांगलेल्या छत्र्या, पांढऱ्या टोप्यांच्या रांगेत एकच लाल पागोटं. ही शेवटची युक्ती परीक्षकांनी काही वर्षं तरी बक्षिसातून वगळावी, असं मला मनापासून वाटतं. रांग मोडणाऱ्या एका वस्तूला सगळं श्रेय मिळतं आणि रांगेकडे कुणी बघतच नाही. रांगेकडे बघायला मी शिकलो ते अंजनवेलला, गोपाळगडाच्या तटाखाली.

वाशिष्ठीच्या मुखावरचा हा किल्ला पावसाळ्यात बघावा. ओला जांभा काळपट तांबडा होतो, सांध्यांतून नेचे फुटतात आणि उन्हाळ्यात एकजीव वाटणाऱ्या तटावर चिऱ्यांचे थर वेगवेगळे उठून दिसतात. लांबून सारे चिरे सारखे. जवळ गेलं की एकाची भोकं दुसऱ्यासारखी नाहीत, एकाची कड शाबूत तर शेजारच्याची पार झिजलेली. जांभा खाणीत असताना मऊ असतो, हत्याराने सहज कापता येतो. उघड्यावर आला की घट्ट होत जातो. एका मापाचे चिरे काढणं कोकणाला पिढ्यान्‌पिढ्या जमलं ते दगडाच्या या स्वभावामुळे. फ्रान्सिस बुकाननने १८०७ साली त्याला लॅटराइट म्हटलं तेही विटेच्या लॅटिन नावावरून. माणसाने सारखे कापलेले चिरे पावसाने एकेक करून वेगळे केले, आणि तो वेगळेपणा दिसतो तो रांगेमुळेच. सुटा पडलेला चिरा बघून त्यातलं काहीच कळत नाही.

या तटाचा फोटो काढताना बहुतेकजण भिंतीला चिकटून उभे राहतात. मग पहिला चिरा अवाढव्य येतो आणि बाकीचे पळत सुटतात. मागे जाऊन लांब पल्ल्याची लेन्स लावली की थर एकावर एक शिस्तीत बसतात. लेन्स त्यांना जवळ ओढते असा समज आहे, पण काम अंतराचं असतं: आपण पुरेसे लांब गेलो की पहिल्या आणि शेवटच्या चिऱ्यातलं अंतर आपल्या अंतरापुढे किरकोळ ठरतं. मोबाइलवाल्यांनीही आधी पाय वापरावेत, झूम नंतर.

मासेमारीची बंदी ३१ जुलैला संपली आणि खाडीकाठी वेलदूरकडे जाळ्यांचे ढीग हलू लागले. ताणलेल्या जाळ्याचा फोटो कधी काढून बघा. पडद्यावर कधी कधी त्यावर इंद्रधनुषी लाटा उमटतात, ज्या जाळ्यात मुळीच नसतात. डिजिटल कॅमेऱ्याच्या आतही एक जाळंच बसवलेलं असतं. कोडॅकच्या ब्राइस बायरने १९७६ साली पेटंट घेतलेली ही रचना: लाल, हिरव्या, निळ्या गाळण्यांचे चौकोन, त्यांतले निम्मे हिरवे. कोळ्याच्या जाळ्याची आस आणि या चौकोनांचं माप जवळपास जुळलं की दोन पुनरावृत्त्या एकमेकींत अडकतात आणि तिसरीच आकृती तयार होते. दोन पावलं मागेपुढे झालं की ती विरते.

संध्याकाळी टाळकेश्वराच्या बाजूला दीपगृह लागतं. प्रत्येक दीपगृहाच्या उघडझापीचा क्रम ठरलेला असतो आणि तो शेजारच्या दीपगृहापेक्षा वेगळा ठेवतात. काळोखात खलाशाला ना इमारत दिसते ना गाव. किती सेकंदांनी झोत परत आला यावरून तो किनारा ओळखतो. एकच झोत पाहून काहीही कळत नाही, तो परत यावा लागतो. कॅमेरा तिकाटण्यावर लावून शटर अर्धा मिनिट उघडं ठेवलं तर हे परत परत येणारे झोत एका चित्रात मावतात. पुनरावृत्तीचा याहून प्रामाणिक फोटो मी तरी पाहिलेला नाही.

छायाचित्रण दिनाची एक गंमत इथे सांगायलाच हवी. १८३९ साली १९ ऑगस्टला फ्रान्सने दागेरची छायाचित्रणाची पद्धत जगासाठी खुली केली, म्हणून हा दिवस. पण दागेरच्या मुलामा दिलेल्या पत्र्यावरचं चित्र एकुलतं एक असायचं, त्याची प्रत निघत नसे. एका निगेटिव्हवरून हव्या तितक्या प्रती काढण्याची वाट दाखवली ती इंग्लंडच्या टॅल्बटने. त्याची जपून राहिलेली सर्वांत जुनी निगेटिव्ह ऑगस्ट १८३५ची आहे, टपाल तिकिटाएवढी, आणि तिच्यावर आहे त्याच्या घरची जाळीदार खिडकी. भिंगातून काचेचे सुमारे २०० तुकडे मोजता येत होते, अशी नोंद त्याने सोबत ठेवली. फोटोग्राफीच्या पाळण्यातच पॅटर्न होता, आणि पहिली इच्छा होती ती मोजण्याची.

मोजण्याची ही इच्छा आयुष्यभर सांभाळली ती बर्न्ड आणि हिला बेखर या जर्मन दांपत्याने. १९५९पासून दोघं एकत्र काम करू लागले. रूर आणि झीगरलांड भागातल्या खाणी, भट्ट्या, पाण्याच्या टाक्या, माल उपसणारे मनोरे हे त्यांचे विषय. मोठा प्लेट कॅमेरा, समोरून घेतलेली चौकट, चित्रात माणूस नाही, आणि आभाळ ढगाळच हवं, कारण सावली पडली की आकारावरचं लक्ष सावलीकडे जातं. मग नऊ, बारा किंवा पंधरा टाक्या ओळीने मांडायच्या. पहिल्या नजरेत कंटाळा येतो. तिसऱ्या टाकीपाशी डोळा थबकतो: इथे पाय सहा आहेत, तिथे आठ, इथे शिडी आतून गेली. ज्या कारागिरांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत त्यांची हौस आणि काटकसर दिसू लागते. १९७०च्या त्यांच्या पुस्तकाचं नाव ‘अनामिक शिल्पं’ या अर्थाचं होतं, आणि १९९० साली व्हेनिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात त्यांना पारितोषिक मिळालं ते शिल्पकलेचं. आंद्रेयास गुर्स्की, थॉमस श्ट्रुट, कांडिडा ह्योफर ही त्यांच्या हाताखाली शिकलेली मंडळी. आणि ज्या इमारती त्यांनी टिपल्या त्यांतल्या कितीतरी आज उभ्या नाहीत. खाणी बंद पडत होत्या, हे दोघं पाडकामाच्या आधी पोचत होते.

अंजनवेलच्या कड्यावरून दिसणारा वीजप्रकल्प पाहताना मला बेखर आठवतात. दाभोळचं नाव घेऊन खाडीच्या अलीकडे उभा असलेला हा पसारा १९९९ साली सुरू झाला, २००१ साली थांबला, २००५मध्ये नव्या कंपनीकडे गेला. त्यावर वाद, लेख, पुस्तकं भरपूर झाली. एकाच जागेवरून दर वर्षी काढलेला त्याचा फोटो असता तर त्या सगळ्या शब्दांना केवढा आधार मिळाला असता!

आणि घरांचं काय? मंगळूरला बासेल मिशनने १८६५मध्ये कौलांचा कारखाना काढला, तिथून ती चपटी, खोबणीची कौलं किनाऱ्यावर पसरली. प्रत्येक कौल साच्यातलं, पाठीवर कारखान्याचा छाप. आता माकडं ती फोडतात, शाकारायला माणूस मिळत नाही, म्हणून छपरावर निळा-हिरवा पत्रा चढतो. पावसाने जगणं मुश्कील केलं की पत्रा लावणाऱ्याला दोष देण्याचा अधिकार कुणालाच नाही. पण छप्पर उतरवण्याआधी समोरून, ढगाळ दिवशी, एक फोटो तरी घ्यावा. तुळशी वृंदावनांचे, विहिरींच्या रहाटांचे, गडग्यांचे, देवळांपुढच्या दीपमाळांचे असे संच तालुक्यातालुक्यात व्हायला हवेत. महाविद्यालयांच्या छायाचित्रण मंडळांना यासाठी महागडा कॅमेरा लागणार नाही. एक ठरवलेली उंची, एक ठरवलेलं अंतर आणि दर वर्षी परत येणारा माणूस एवढंच लागेल.

मी दोन वर्षांपूर्वी खाडीलगतच्या एका वाडीतल्या बारा छपरांपासून सुरुवात केली. कौलं, आढं, पुढची पडवी, सगळं समोरून. यंदा पुन्हा गेलो. बारांपैकी तीन छपरांवर पत्रा आहे. त्याच दगडावर उभं राहून, तितक्याच उंचीवरून, मी बाराही फोटो पुन्हा काढले.