समान काम आणि मालकाची जबाबदारी

'बाई लग्न करील, मुले होतील, मग रजा मागेल' हा हिशेब मुंबईच्या एका औषध कंपनीने नियमातच घातला होता. माल बांधण्याच्या आणि लेबले लावण्याच्या खात्यातील मुलीचे लग्न झाले की तिची नोकरी संपली! बॉम्बे लेबर युनियनने हा नियम लढवला. औद्योगिक न्यायाधिकरणाने मालकाची बाजू घेतली, तेव्हा प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९६५ साली नियम रद्द झाला. विवाहिता अधिक खाडे करतात याला पुरावा काय, असा न्यायालयाचा रोख होता. मुलांमुळे खाडे होतात म्हणावे, तर मुले असलेल्या विधवेचेही तेच होणार. राहिली बाळंतपणाची रजा. तेवढ्यासाठी थोड्या जादा बाया ठेवल्या की काम भागते.

हे झाले नोकरीचे. पगाराचे काय? समान वेतनाचा कायदा १९७६ साली झाला. मुंबईच्याच मॅकिनन मॅकेन्झी कंपनीत स्त्री लघुलेखिकांना पुरुषांहून कमी पगार होता. कंपनीने तीन सबबी सांगितल्या: बायांचे काम निराळे आहे, युनियनशी करार झालेला आहे, आणि जास्त द्यायची ऐपत नाही. १९८७ साली सर्वोच्च न्यायालयाने तिन्ही फेटाळल्या. यातली मधली सबब आम्हा संघटनावाल्यांनी नीट ऐकावी. आपली सही असली म्हणून बेकायदा पगार कायदेशीर होत नाही.

तो कायदा आता २०१९ च्या वेतन संहितेत सामावला असून ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. काम समान की नाही हे हुद्द्याच्या नावावरून ठरत नाही. कौशल्य, श्रम, अनुभव, जबाबदारी आणि कामाची परिस्थिती पाहायची असते. समानता आणायची म्हणून पुरुषाचा पगार खाली ओढण्याची युक्तीही मालकाला करता येत नाही. भरतीतही भेद चालत नाही. कायद्यानेच स्त्रियांना मना केलेली कामे तेवढी वगळली आहेत.

पण ही संहिता लिंगभेदापुरतीच आहे. घटनेचे १६ वे कलम सरकारी नोकरीचे. खासगी मालकाने जात किंवा धर्म पाहून माणूस नाकारला, तर त्याला सरसकट अडवणारा कायदा देशात नाही. धर्म आणि सामाजिक मूळ यांवरून नोकरीत भेद होऊ देणार नाही, असे सांगणारा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १११ क्रमांकाचा करार मात्र भारताने १९६० सालीच मान्य केला आहे.