भुकेलं बाळ आणि हॉटेलातलं टेबल

'सुरतचं जेवण आणि काशीचं मरण' ही म्हण खानदेशातून सुरतेत आलेल्या घरांनाही पाठ आहे. लिंबायत, उधना, डिंडोली, नवागाम या भागांत धुळे, नंदुरबार, जळगावकडची मराठी कुटुंबं पिढ्यानपिढ्या राहतात. रविवारी रात्री घरी चूल पेटवायची नाही, सगळ्यांनी मिळून बाहेर जेवायचं, ही सुरती सवय त्यांनाही लागली आहे. टेबलाभोवती आजी-आजोबा असतात, शाळकरी मुलं असतात आणि पुष्कळदा एखादं तान्हं बाळही असतं. ते रडायला लागलं की आईच्या पोटात गोळा येतो. कोणी म्हणतं गाडीत जाऊन बस, कोणी बाथरूमकडे बोट दाखवतं, कुठे वेटर जवळ येऊन हळू आवाजात 'मॅडम, इथे नको' सांगतो. मग आई ताट अर्धवट टाकून उठते, नाहीतर बाळ वर्षाचं होईपर्यंत बाहेर जेवायला जाणंच सोडून देते. तिला उठवणाऱ्यांना आपण काही वाईट करतोय असं वाटत नाही, कारण काही समज त्यांनी कधी तपासलेलेच नसतात.

गैरसमज : चारचौघांत अंगावर पाजणं हा गुन्हा आहे, निदान अश्लील तरी आहे.

भारतात असा एकही कायदा नाही जो आईला सार्वजनिक जागी बाळाला पाजायला मनाई करतो. अश्लील कृत्याबद्दलचं कलम, म्हणजे आधीच्या दंडसंहितेतलं २९४ आणि आताच्या भारतीय न्याय संहितेतलं २९६, दुसऱ्यांना उपद्रव देणाऱ्या अश्लील वर्तनासाठी आहे; बाळाच्या जेवणाशी त्याचा संबंध नाही. मार्च २०१८ मध्ये 'गृहलक्ष्मी' या मल्याळम मासिकाने मुखपृष्ठावर बाळाला पाजणारी स्त्री छापली, तेव्हा प्रकरण केरळ उच्च न्यायालयात गेलं. न्यायालयाला त्या चित्रात अश्लील काही दिसलं नाही आणि याचिका फेटाळली गेली. २०२१ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने स्तनपान हा आईचा संविधानाच्या कलम २१ खालचा, हिरावून घेता न येणारा हक्क असल्याचं म्हटलं.

सर्वात महत्त्वाचा निकाल १९ फेब्रुवारी २०२५ चा. 'मातृ स्पर्श' या उपक्रमाच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती बी. व्ही. नागरत्ना आणि न्यायमूर्ती प्रसन्न वराळे यांनी तो दिला. वराळे हे निपाणीत जन्मलेले आपले मराठी न्यायमूर्ती. सार्वजनिक इमारतींत स्तनपान कक्ष आणि पाळणाघरं असावीत ही मूळ मागणी होती आणि त्याबद्दल केंद्राने राज्यांना पुन्हा स्मरण द्यावं असं न्यायालयाने सांगितलं. पण निकाल तिथे थांबत नाही. स्त्रियांच्या प्रतिष्ठेला कमीपणा आणणाऱ्या प्रथा सोडून देणं हे संविधानाच्या कलम ५१-अ (ङ) प्रमाणे प्रत्येक नागरिकाचं कर्तव्य आहे. त्याची आठवण देऊन न्यायालयाने म्हटलं की सार्वजनिक ठिकाणी आणि कामाच्या जागी स्तनपान करण्याला कलंक लावला जाऊ नये. टेबलाजवळ जाऊन आईला टोकणाऱ्याने हे आधी वाचावं.

गैरसमज : हॉटेल खासगी आहे. कोणी काय करायचं हे मालक ठरवणार.

गल्ल्यामागे 'प्रवेशाचा हक्क राखीव' अशी पाटी असते, त्यामुळे हा समज घट्ट बसला आहे. पण पाटी लावल्याने कायदा बदलत नाही. संविधानातले बहुतेक मूलभूत हक्क सरकारविरुद्ध आहेत. कलम १५ (२) मात्र दुकानदारालाही लागू होतं. केवळ धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यावरून कोणाही नागरिकाला दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं आणि करमणुकीच्या जागा यांत अडवता येत नाही. उपाहारगृह हा शब्द घटनाकारांनी मुद्दाम लिहिला आहे. ज्या देशात माणसाची जात बघून त्याला बाहेर चहा ओतून दिला जात होता, त्या देशाची ही तरतूद आहे. २९ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत या मसुद्यावर चर्चा झाली, तेव्हा डॉ. आंबेडकरांनी 'दुकान' या शब्दाचा अर्थ मुद्दाम रुंद केला : येईल त्याला सेवा द्यायला जो मालक बसला आहे, त्याची जागा.

अंगावर पाजण्याच्या कारणावरून बाईलाच उठवलं जाऊ शकतं, पुरुषाला नाही. म्हणून हा लिंगावरून केलेला भेदभावच आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. ब्रिटनच्या २०१० च्या समता कायद्यात हे थेट लिहिलेलं आहे. तिथे बाळाला पाजते म्हणून हॉटेलवाला बाईला उठवू शकत नाही. स्कॉटलंडने तर २००५ मध्येच दोन वर्षांखालच्या बाळाला सार्वजनिक जागी दूध पाजण्यापासून रोखणं हा गुन्हा ठरवला. आपल्याकडे असा स्वतंत्र कायदा नाही. तो व्हायला हवा, म्हणजे प्रत्येक आईला कलम १५ समजावत बसावं लागणार नाही.

गैरसमज : थोडा वेळ थांबलं तर काय बिघडतं? घरून पाजून निघावं, नाहीतर बाटली आणावी.

हे सहसा प्रेमाने सांगितलं जातं, घरातल्याच माणसांकडून. पण तान्ह्या बाळाच्या भुकेला घड्याळ नसतं. पहिल्या काही महिन्यांत ते दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा पितं, कधी तासाभराने पुन्हा मागतं. डिंडोलीहून डुमस रोडला जाऊन, टेबल मिळवून, जेवून परत यायचं तर तेवढ्यात एकदा तरी त्याला पाजावं लागणारच. ओठ चाटणं, मान वळवून शोधणं, मूठ तोंडात घालणं ही भुकेची पहिली लक्षणं. रडणं सगळ्यात शेवटी येतं, आणि तोपर्यंत थांबवलेलं बाळ इतकं कावलेलं असतं की नीट ओढतही नाही. ज्यांना बाळाच्या रडण्याचा त्रास होतो, त्यांनी आईला वेळेवर पाजू द्यावं, हा सगळ्यात सोपा उपाय आहे.

आईच्या शरीराचंही तसंच. दूध साचून राहिलं तर छाती दगडासारखी होते, गाठी येतात, ताप भरतो. वारंवार थांबवलं तर शरीर कमी दूध तयार करायला लागतं. पान्हा फुटतो तो ऑक्सिटोसिन या संप्रेरकामुळे. भीती आणि लाज त्याच्या आड येतात. चार टेबलांवरून लोक रोखून बघत असतील तर दूध उतरायला वेळ लागतो, बाळ चिडतं, आई आणखी घाबरते. 'माझं दूध पुरत नाही' असं सांगणाऱ्या कितीतरी जणींना दूध कमी नसतं, निवांतपणा कमी असतो.

आणि बाटली? जागतिक आरोग्य संघटना पहिले सहा महिने फक्त आईचं दूध सांगते, वरचं पाणीसुद्धा नको, सुरतच्या मे महिन्यातही नको. कारण आईच्या दुधात जवळजवळ ८८ टक्के पाणीच असतं. बाटली उकळून निर्जंतुक करावी लागते, आणि बाहेरगावी, लारीवर, हॉटेलात ते होत नाही. डब्यातल्या दुधाच्या आणि बाटल्यांच्या जाहिरातींवर भारताने १९९२ च्या कायद्याने बंदी घातली, ती उगाच नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशात सहा महिन्यांखालची सुमारे ६४ टक्के बाळंच निव्वळ आईच्या दुधावर होती. एकीकडे हा आकडा वाढावा म्हणून सरकार दर ऑगस्टमध्ये स्तनपान सप्ताह पाळतं, आणि दुसरीकडे आपण आईला बाटली आणायला सांगतो.

काही जणी काढलेलं दूध बरोबर नेतात. ती त्यांची सोय. पण कोणत्याही आईवर तशी सक्ती करता येत नाही.

गैरसमज : बाथरूम आहे ना.

बाथरूम शौचासाठी आहे. अन्नसुरक्षेच्या नियमांप्रमाणे हॉटेलवाल्याला शौचालयाचं दार स्वयंपाकघरात थेट उघडणारं ठेवता येत नाही, कारण तिथले जंतू अन्नात जाऊ नयेत. कमोडच्या झाकणावर बसून ज्याला जेवायला सांगितलं जातं, ते माणूस त्या हॉटेलातलं सगळ्यात नाजूक पोटाचं आहे.

गैरसमज : हिरकणी कक्ष असेल तर तिने तिथेच जायला हवं.

रायगडाचे दरवाजे बंद झाले तेव्हा घरी भुकेलं तान्हं होतं म्हणून कडा उतरणाऱ्या गवळणीचं नाव महाराष्ट्राने एसटी स्थानकांवरच्या स्तनपान कक्षांना दिलं, ते अगदी योग्य केलं. असे कक्ष हवेतच, आणि बरे हवेत. डिसेंबर २०२२ मध्ये देवळालीच्या आमदार सरोज अहिरे आपल्या अडीच महिन्यांच्या बाळाला घेऊन नागपूर अधिवेशनाला आल्या, तेव्हा सगळ्यांनी कौतुक केलं आणि विधानभवनात हिरकणी कक्ष झाला. पुढच्या फेब्रुवारीत मुंबईच्या अधिवेशनात त्या बाळाला घेऊन आल्या, तर तिथल्या कक्षात धूळच धूळ होती. त्यांनी जाहीर तक्रार केली. आमदाराच्या बाळाची ही गत असेल तर सुरत स्टेशनवर भुसावळ गाडीची वाट बघणाऱ्या बाईने काय अपेक्षा ठेवावी?

२०१९ मध्ये ताजमहालाच्या आवारात स्तनपान कक्ष करायचं ठरलं, कारण एका आईला जिन्याखाली लपून बाळाला पाजताना तिथल्या अधिकाऱ्याने पाहिलं होतं. ती लपली कशामुळे, हा प्रश्न कक्षाने सुटत नाही. कक्ष ही सोय आहे. जिला आडोसा हवा तिने तिथे जावं, जिला आपल्या माणसांत, आपल्या ताटासमोर बसून पाजायचं आहे तिने तिथे बसावं. सोयीची सक्ती झाली की तीच कोठडी होते.

गैरसमज : आपल्या संस्कृतीत हे बसत नाही.

संस्कृती म्हणताना नेमकी कोणाची, हे विचारायला हवं. गुजरातच्या शामळाजीला सापडलेली सहाव्या शतकाच्या आसपासची मातृकाशिल्पं बडोद्याच्या आणि मुंबईच्या संग्रहालयांत आहेत. कडेवर, मांडीवर बाळं घेतलेल्या त्या देव्यांचे देह झाकलेले नाहीत, आणि कोणा भक्ताला त्यात कमीपणा वाटला नाही. आपल्या आज्या शेताच्या बांधावर, एसटीत, लग्नाच्या मांडवात पाजत आल्या. आजही दाहोद, नंदुरबारकडून सुरतेत बांधकामावर आलेल्या बाया वाळूच्या ढिगाशेजारी बसून पाजतात आणि तिथून जाणारा कोणीही त्यांना संस्कृती शिकवत नाही. आक्षेप सुरू होतो तो वातानुकूलित दाराच्या आत. तेव्हा अडचण बाळाची नाही, दुधाची नाही. तिथे बसलेल्यांनी पैसे मोजून जी सभ्यता विकत घेतली असं त्यांना वाटतं, तिची आहे.

दुधाची किळस वाटते असंही काही जण म्हणतात. आशियातली पहिली मानवी दूधपेढी १९८९ मध्ये डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी मुंबईच्या सायन रुग्णालयात सुरू केली. सुरतेतही महापालिकेच्या स्मिमेर रुग्णालयात दूधपेढी आहे. अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी अनोळखी आयांचं दूध तिथे थेंबाथेंबाने जपतात.

गैरसमज : एवढं मोठं मूल अजून अंगावर?

हो. दोन वर्षांपर्यंत आणि आईला-मुलाला हवं तर त्याही पुढे, वरच्या जेवणाबरोबर. जागतिक आरोग्य संघटनेचीच ही शिफारस आहे.

गैरसमज : निदान पदर तरी घ्यायलाच हवा.

घ्यायचा असेल तर ती घेईल. सुरतच्या दमट उकाड्यात पदराखाली घामाघूम झालेलं बाळ ओढणी लाथाडतं, हे ज्यांनी मूल वाढवलंय त्यांना माहीत आहे. समोरच्याला बघायचं नसेल तर त्याने मान वळवावी.

हॉटेल चालवणाऱ्यांनी करण्यासारखं फार थोडं आहे आणि त्याला खर्चही नाही. वेटरला सांगून ठेवायचं की पाजणाऱ्या आईला उठवायचं नाही, विचारायचं असेल तर पाणी हवं का एवढंच विचारायचं. तिने मागितलं तर भिंतीकडची, पंख्याखालची खुर्ची द्यायची. शेजारच्या टेबलाने तक्रार केली तर जागा त्या टेबलाची बदलायची. आणि कोणी शेरे मारत असेल किंवा मोबाईल रोखत असेल तर बाहेर त्याला काढायचं. स्त्रीचा अवमान करण्याच्या हेतूने केलेले शब्द आणि हावभाव न्याय संहितेच्या कलम ७९ खाली गुन्हा आहेत. बाईच्या बाजूने उभं राहायला हॉटेलात कोणीच नसेल तर गुजरातभर चोवीस तास चालणाऱ्या 'अभयम्' हेल्पलाइनचा क्रमांक आहे १८१. तो फोन आईनेच करायला हवा असंही नाही, शेजारच्या टेबलावरून केला तरी चालतो.