नव्या डायव्हिंग मास्कची काच

तारकर्लीला स्कूबासाठी स्वतःचा नवा मास्क नेणार असाल, तर त्याची काच आधी घरीच घासा. कारखान्यातून येताना काचेवर सिलिकॉनचा अदृश्य थर असतो. तो निघेपर्यंत पाण्याखाली काचेवर वाफ धरणारच. साधी पांढरी टूथपेस्ट, जेल नव्हे, बोटाने आतून चोळा, धुवा, पुन्हा चोळा. एकदा घासून सहसा भागत नाही. मात्र काचेवर खास लेप असेल किंवा भिंग प्लास्टिकचं असेल, तर टूथपेस्ट अजिबात नको, ओरखडे पडतात. पाण्यात उतरताना आतून थुंकी किंवा बेबी शॅम्पूचा थेंब फिरवून विसळलं की पुरे.

मास्कचं खरं नुकसान करतात वाळलेलं मीठ आणि ऊन. समुद्रातून आल्यावर मास्क गोड्या पाण्यात धुवा, सावलीत वाळवा, डब्यात ठेवा. मास्कच्या कडेचं पारदर्शक सिलिकॉन काळ्या रबराला चिकटून राहिलं, तर पडलेला डाग निघत नाही.