टिटवीचे घरटे आणि पाहण्याची किंमत

पुण्याहून अहिल्यानगरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, रांजणगाव आणि शिरूर यांच्या दरम्यान कारेगाव लागते. रांजणगावच्या गणपतीचे दर्शन घेऊन पुढे निघालेल्या प्रवाशाला येथे दिसतात ते औद्योगिक वसाहतीतील कारखाने, मालमोटारींच्या रांगा आणि कामगारांसाठी उभ्या राहिलेल्या चाळी. या पसाऱ्यामागे अद्याप थोडा माळ शिल्लक आहे याची कल्पना सहसा कोणाला नसते. मुरमाड जमीन, खुरटे गवत, तुरळक बोरी-बाभळी, असे त्याचे रूप. सरकारी दप्तरात अशा जमिनीची नोंद 'पडीक' किंवा 'पोटखराब' अशी होते. परंतु मार्च महिना लागला आणि गवत वाळून माळ बोडका झाला, की याच पडीक जमिनीवर संसारांची लगबग सुरू होते. टिटवी, माळटिटवी, धाविक, चंडोल, पखुर्डी, रातवा हे सारे पक्षी जमिनीवरच अंडी घालतात. टिटवीच्या बाबतीत तर घरटे हा शब्दही मोठाच म्हणावा लागेल. जमिनीत एक उथळ खळगा, भोवती चार खडे, की झाला संसार.

प्रस्तुत लेखक अर्थशास्त्राचा अध्यापक आहे, पक्षिशास्त्राचा नव्हे. पक्ष्यांचा नाद लागला तो चाळिशी उलटल्यावर, एका सहकाऱ्याने दिलेल्या जुन्या दुर्बिणीमुळे. पुढे यथावकाश कॅमेराही आला. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये कारेगावच्या बाहेर, कुंपण घातलेल्या परंतु बांधकाम न झालेल्या एका मोकळ्या भूखंडालगत, मला टिटवीचे घरटे सापडले. त्यात चार अंडी होती. त्यांची निमुळती टोके आतल्या बाजूस वळलेली होती आणि मातकट कवचावर काळे ठिपके असे काही विखुरलेले होते, की नजर क्षणभर हलली तर पुन्हा ती अंडी शोधावी लागत. मी जवळ जाऊन छायाचित्रे घेतली. मादी की नर ते मला कळले नाही, कारण दोघेही आळीपाळीने अंडी उबवितात. परंतु तो पक्षी माझ्या डोक्यावर घिरट्या घालीत, घसा फोडून ओरडत होता. तो आक्रोशही मला त्या वेळी चित्राचाच एक भाग वाटला.

त्या रात्री एक छायाचित्र मी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप गटावर धाडले आणि कोणी विचारले म्हणून जागाही सांगितली. यात काही चूक आहे असे मनातही आले नाही. ज्ञान वाटावे, असेच आपण वर्गात शिकवितो. दुसऱ्या दिवशी दोन मुले मोटारसायकलवर आली. रविवारी पुण्याहून दोन मोटारी आल्या. त्यांतील मंडळी सभ्य होती, सुशिक्षित होती, आणि प्रत्येक जण अगदी थोडा वेळच थांबला. आठ दिवसांनी मी पुन्हा गेलो तेव्हा खळगा रिकामा होता. शेजारी कवचाचे दोन तुकडे आणि कुत्र्याच्या पावलांचे ठसे होते. माणसांच्या येण्याजाण्याने गवतात एक स्पष्ट पायवाट पडली होती. ती नेमकी त्या खळग्यापाशी येऊन संपत होती.

सीमांत खर्चाचा हिशेब

बारावीच्या विद्यार्थ्यालाही सीमांत खर्चाची कल्पना ठाऊक असते. आणखी एक नग काढण्यासाठी जो जादा खर्च येतो तो सीमांत खर्च. घरट्यापाशी येणारा प्रत्येक मनुष्य नकळत हाच हिशेब करतो. आपण पाच-दहा मिनिटे थांबलो, एक छायाचित्र अधिक घेतले, तर पक्ष्याचे असे काय मोठे नुकसान होणार? आणि त्याच्यापुरता हा हिशेब खोटाही नसतो. पण समजा, दिवसातून आठ माणसे आली आणि प्रत्येकाने पंधरा मिनिटे घेतली, तर पक्षी एकूण दोन तास अंड्यांवरून उठलेला राहतो. हे दोन तास कारेगावच्या माळावरील एप्रिलच्या दुपारचे असतात, हे विसरता कामा नये.

अंडी उबविणे म्हणजे त्यांना ऊब देणे, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. उन्हाळ्यात माळावर बसलेल्या टिटवीचे काम नेमके उलट असते. पारा 40 अंशांच्या आसपास पोहोचतो आणि उघडा मुरूम त्याहून कितीतरी अधिक तापतो. अशा वेळी पक्षी अंड्यांवर बसतो तो त्यांना सावली देण्यासाठी. कित्येकदा तो जवळच्या पाणवठ्यावर जाऊन पोटाची पिसे भिजवून येतो आणि ओल्या पोटाने अंड्यांना गारवा देतो. हा क्रम सुमारे चार आठवडे चालतो. भर दुपारी पक्षी उठवला गेला, तर अंड्यातील जीव थोड्या वेळातच उष्णतेने दगावू शकतो. गंमत अशी, की बाहेरून अंडे तसेच दिसते. छायाचित्र घेणारा समाधानाने घरी परततो आणि आपण काही बिघडवले नाही, अशी त्याची प्रामाणिक खात्री असते.

ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ पिगू यांनी 1920 साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात आगगाडीच्या इंजिनाचे उदाहरण दिले आहे. इंजिनातून उडणाऱ्या ठिणग्यांनी रुळांकडेचे रान जळते. पण त्या नुकसानीचा आकडा रेल्वेच्या हिशेबवहीत कोठेच येत नाही. छायाचित्राचेही तसेच आहे. कॅमेऱ्याची किंमत आपण मोजतो, पेट्रोलचे पैसे आपण देतो, रविवारची झोप आपण मोडतो. एवढा खर्च केल्यावर चित्र आपल्या कष्टाचे आहे असे वाटणे स्वाभाविक आहे. मात्र सर्वांत मोठा खर्च ज्याच्या माथी पडतो, त्याचे नाव हिशेबात नसते.

जुन्यांचा धडा

घरट्यांच्या छायाचित्रणाचा इतिहास जुना आहे. इंग्लंडमध्ये रिचर्ड आणि चेरी कर्टन या भावांनी 1892 साली अंड्यांसह एका घरट्याचे छायाचित्र घेतले. पक्ष्यांना संशय येऊ नये म्हणून त्यांनी पुढे बैलाचे कातडे भरून पोकळ बैल तयार केला आणि त्याच्या पोटात कॅमेरा घेऊन बसण्याचा खटाटोप केला. त्यांच्याच देशातील एरिक हॉस्किंग यांनी 1937 मध्ये घुबडाच्या घरट्याजवळ आपला एक डोळा गमावला. छायाचित्राची किंमत छायाचित्रकारानेच मोजल्याचे असे उदाहरण विरळाच. आपल्याकडे डॉ. सालिम अली यांनी 1930 मध्ये अलिबागजवळील किहीम येथे सुगरणीच्या वसाहतीचा अभ्यास केला. आडोसा करून ते दिवसचे दिवस पाहत राहिले आणि एकाच नराचा अनेक माद्यांशी संसार कसा चालतो हे कोडे त्यांनी उलगडले. त्यांचे भांडवल होते ते चिकाटीचे. पक्ष्याने आपले नित्याचे व्यवहार निर्धास्तपणे चालू ठेवणे, हीच त्या निरीक्षणाची पहिली अट होती. विचलित झालेल्या पक्ष्याचे निरीक्षण हे वस्तुतः पक्ष्याचे निरीक्षण नसून आपल्याच उपद्रवाचे असते.

आपल्या कायद्यानेही याची दखल घेतली आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची जी व्याख्या आहे, तीत अनुसूचीतील वन्य पक्ष्यांची अंडी फोडण्याबरोबरच त्यांची अंडी वा घरटी विचलित करणे याचाही समावेश आहे. बंदूक हाती नसलेला मनुष्यही शिकारी ठरू शकतो, असे हा कायदा सांगतो. हे वाचले तेव्हा मला माझे ते छायाचित्र आठवले आणि ते पुन्हा पाहावेसे वाटले नाही.

एक रास्त आक्षेप

येथे कोणी म्हणेल, की टिटवीच्या चार अंड्यांसाठी एवढा खल कशाला? ज्या माळावर उद्या नांगर, जेसीबी किंवा कारखान्याचा पाया येणार, तेथे चार हौशी छायाचित्रकारांनी असा काय फरक पडतो? हा आक्षेप रास्त आहे. माळरानाच्या पक्ष्यांचे खरे संकट जमीन नाहीशी होण्याचे आहे, यात शंका नाही. ज्या माळढोकासाठी नान्नजच्या परिसरात 1979 मध्ये अभयारण्य झाले, त्याची आजची दुर्दशा सर्वश्रुत आहे. तो पक्षी एका विणीत बहुधा एकच अंडे घालतो. ते गेले, की बहुतेक ते वर्षच गेले. टिटवीचे तसे नाही. पहिली वीण हातची गेली तर ती पुन्हा अंडी घालण्याचा प्रयत्न करते, आणि माणसाच्या वस्तीजवळ ती निभावूनही नेते.

तथापि दोन गोष्टी लक्षात घ्यावयास हव्यात. एक म्हणजे, कारखाना आपण पक्ष्यांच्या प्रेमापोटी उभारला असे कोणी म्हणत नाही. आपण मात्र ते म्हणतो. दुसरे असे, की माळ वाचवा म्हणून उद्या जी मंडळी अर्ज करतील, ती याच हौशी मंडळींतून येणार आहेत. मुलांनी पक्षी पाहूच नयेत असे मला मुळीच म्हणावयाचे नाही. ज्याने टिटवी पाहिली नाही, त्याला त्या माळाची नोंद 'पोटखराब' अशीच योग्य वाटेल. प्रश्न पाहण्याचा नाही, तर पाहण्याची रीत ठरविण्याचा आहे.

सर्वांच्या मालकीच्या गोष्टीचा नाश ठरलेलाच असतो, असे मानणारा एक मोठा विचारप्रवाह अर्थशास्त्रात होता. एलिनॉर ऑस्ट्रॉम या विदुषीने तो खोडून काढला. कुरणे, पाणी, मासेमारी यांचे व्यवहार गावोगावची माणसे आपापसांत नियम ठरवून पिढ्यानुपिढ्या नीट चालवितात, हे त्यांनी दाखवून दिले. त्याबद्दल त्यांना 2009 मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. तेव्हा सर्व भार वनखात्यावर टाकण्याचे कारण नाही. महाविद्यालयांच्या निसर्गमंडळांना आणि छायाचित्रकारांच्या गटांना चार नियम सहज ठरविता येतील. विणीच्या काळात घरट्याची जागा कोणालाही सांगू नये. घरट्याकडे पायी जाऊ नये, फांदी वा गवत बाजूला करू नये, ड्रोन उडवू नये. पक्षी उठला किंवा ओरडू लागला, की तत्काळ मागे फिरावे. स्पर्धांच्या संयोजकांनी घरट्यावरील छायाचित्रे स्वीकारूच नयेत. काही स्पर्धांनी तसा नियम केलाही आहे. छायाचित्राला मिळणारी वाहवाच बंद झाली, तर त्यासाठी होणारी गर्दी आपोआप ओसरेल. मागणी आटली की पुरवठा आटतो, हे सांगण्यासाठी अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

यातील महत्त्वाचा नियम मला कोणत्याही पुस्तकाने नव्हे, तर माळावर मेंढरे घेऊन आलेल्या एका वृद्ध धनगराने सांगितला. माझी हकीकत त्याने शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाला, "मास्तर, पाखरू उठलं की समजायचं, आपण लई जवळ आलो." त्याची मेंढरे त्याच माळावर चरत होती. एका जागी त्याने काठी आडवी धरून कळप वळविला तेव्हा मला कळले, की तेथेही खळगा आहे आणि तो त्याला आधीपासून ठाऊक आहे.

टिटवी देखील समुद्र आटविते, अशी म्हण आपल्या भाषेत आहे. अंडी पळविणाऱ्या समुद्राला कोरडे करण्याची प्रतिज्ञा करणाऱ्या पंचतंत्रातील टिटवीची कथा तिच्यामागे आहे. कथेतल्या टिटवीच्या मदतीला गरुड आला आणि समुद्राने अंडी परत केली. कारेगावच्या टिटवीची अंडी मला परत करता येणार नाहीत.

या वर्षी त्याच माळावर, जुन्या जागेपासून थोड्या अंतरावर, एक जोडी बसली. ती गेल्या वर्षीचीच होती की दुसरी, हे मी सांगू शकत नाही. मी कॅमेरा घरी ठेवला आणि सकाळी लवकर, रस्त्याच्या कडेला मोटारीतच बसून, दुर्बिणीतून पाहत राहिलो. त्या अंतरावरून अंडी दिसत नाहीत. दिसते ते केवळ बसलेल्या पक्ष्याचे डोके. एकदा तो उठून गेला आणि भिजलेल्या पोटाने परतला. दुसऱ्याने जागा सोडली, पहिला बसला. एवढेच घडले, आणि मला तासभर हलावेसे वाटले नाही. मे महिन्याच्या अखेरीस एका सकाळी खळग्याजवळच्या गवतात तीन मातकट गोळे धावताना दिसले. मी ती बातमी विद्यार्थ्यांना वर्गात सांगितली. जागा कोठे, असे एकाने विचारले. ती मी सांगितली नाही; का सांगितली नाही, ते मात्र सविस्तर सांगितले. त्या दिवशीचा तास त्यातच संपला.