घरातील ऊब व गारवा : आधी छप्पर, मग यंत्र

नाशिक जिल्ह्यातील शेतकरी हवेचा लहरीपणा पुरता ओळखून असतो. निफाडकडे पौषात पारा काही वर्षी 5 अंशांच्याही खाली उतरतो, तेव्हा द्राक्षबाग वाचविण्यासाठी तो रात्री बागेत शेकोट्या पेटवितो. वैशाखात मालेगावाकडे पारा 42 अंशांच्या वर जातो, तेव्हा रोपांवर सावली धरण्याची तजवीज करितो. परंतु ज्या घरात त्याचे वृद्ध आईबाप व तान्ही मुले राहतात, त्या घराचा विचार इतक्या काळजीने झालेला क्वचितच दिसतो. उन्हाळा आला की कूलर आणावयाचा, थंडी पडली की खोलीत शेगडी ठेवावयाची, एवढ्यावर काम भागविले जाते. यास्तव यंत्रावर पैसा घालण्यापूर्वी छपराकडे पाहावे, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

आपल्या पूर्वजांची घरे हवामानास धरून होती. इगतपुरी, सुरगाणा या पावसाच्या पट्ट्यात उतरती छपरे. सिन्नर, येवले, मालेगाव या कोरड्या भागात धाब्याची घरे. धाबे म्हणजे तुळयांवर किलचण, तिच्यावर काडीकुडी व पाला, आणि सर्वांवर पांढऱ्या मातीचा जाड थर. हा थर व मातीची रुंद भिंत दिवसाची उष्णता सावकाश शोषून घेत. ती आत पोचेपर्यंत संध्याकाळ होई, आणि घरची माणसे अंगणात अथवा धाब्यावर निजावयास गेलेली असत. हिवाळ्यात तीच साठलेली उष्णता रात्री खोलीस ऊब देई.

परंतु धाब्यास दरसाल चाकरी लागते. मृगापूर्वी नवी माती पसरणे, भेगा बुजविणे, पन्हळी मोकळ्या करणे, ही कामे चुकली की पाणी भिंतीत मुरते. महसुली नोकरीत पडझडीचे पंचनामे लिहिताना वारंवार आढळून आले की, संततधार पावसात कोसळलेली भिंत बहुधा तुंबलेल्या पन्हळीच्या खालचीच असे. पुढे मजूर दुर्मिळ झाले, इमारती लाकूड महागले, आणि लोकांनी पत्रा व सिमेंटचा स्लॅब पत्करिला. त्यात त्यांचा दोष नाही. मात्र पत्रा उन्हाने तत्काळ तापतो आणि रात्री तितक्याच लवकर निवतो. स्लॅब दिवसभर तापून ती उष्णता रात्रभर खाली सोडीत राहतो. भिंतीपेक्षा छपरावर ऊन अधिक वेळ पडते, म्हणून उपायही तेथूनच सुरू केला पाहिजे.

हे तत्त्व आपणांस नवे नाही. कांद्याची चाळ बांधताना आपण तळ जमिनीपासून उंच धरितो, बाजूंस फटी ठेवितो, आणि उघड्या पत्र्यापेक्षा कौले बरी असे म्हणतो. कारण कोंडलेल्या उष्णतेने कांदा सडतो. जो विचार कांद्यासाठी होतो, तो माणसासाठी का होऊ नये ?

करावयाच्या गोष्टी अशा :

(1) स्लॅब असल्यास फाल्गुनात तो झाडून, भेगा बुजवून, कळीच्या चुन्याचे दोन हात द्यावे. पांढरा पृष्ठभाग बरेचसे ऊन परत फेकितो. पावसाने चुना धुऊन जातो, यास्तव हे काम दरसाल करावे. 2010 सालच्या उष्णतेच्या लाटेत अहमदाबादेत पुष्कळ माणसे दगावली. त्यानंतर 2013 साली त्या शहराने उष्णतेपासून बचावाची योजना आखिली, आणि पुढे गरीब वस्त्यांतील छपरे पांढरी करण्याचा उपायही तेथे हाती घेतला.

(2) पत्रा असल्यास वरून पांढरा रंग द्यावा व खाली एक हात अंतर सोडून बांबूच्या तट्ट्यांचे छत करावे. मधली हवा उन्हाळ्यात उष्णता अडविते व हिवाळ्यात ऊब राखते. आढ्याखाली दोन्ही टोकांस जाळीचे झरोके ठेवावे. चूल व विजेच्या तारा तट्ट्यांपासून दूर असाव्या.

(3) उन्हाळ्यात दुपारी खिडक्या लावून पडदे सोडावे. रात्री सर्व उघडाव्या. हिवाळ्यात याच्या उलट करावे.

(4) कूलर पाण्याच्या बाष्पीभवनाने हवा गार करितो. म्हणून तो कोरड्या हवेत उपयोगी, श्रावणात नाही. समोरची खिडकी उघडी नसेल तर खोलीत नुसता दमटपणा साठतो. विहिरीच्या जड पाण्याने जाळीवर क्षार धरतात; त्या दरसाल बदलाव्या. टाकी आठवड्यातून एकदा रिकामी करून घासून वाळवावी, नाहीतर तिच्यात डेंग्यूचे डास वाढतात. लोखंडी पेटीस अर्थिंग असलेच पाहिजे, आणि प्लग काढल्यावाचून आत हात घालू नये. या एका निष्काळजीपणाने भरल्या घरातील माणसे गेली आहेत.

(5) वातानुकूलन यंत्र घेणे झाल्यास अधिक ताऱ्यांचे घ्यावे. 2020 सालच्या जानेवारीपासून अशा यंत्रांवर 24 अंशांचे मान मुळातच ठरवून येते. ते पुरेसे आहे. गाळणी पंधरवड्यास धुवावी. छत झाकलेले असेल तर लहान यंत्रावर भागते.

(6) थंडीत बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून कधीही निजू नये. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूस रंग नाही, वास नाही. निजलेला माणूस जागा न होता मरतो. शेगडीची आच निजण्यापूर्वी घ्यावी व ती अंगणात ठेवून यावी. खरी ऊब दाराच्या फटी बुजविण्याने, छताने व कोरड्या अंथरुणाने राहते.

फाल्गुनात छपरास चुना व कूलरची सफाई, वैशाखाअखेर पन्हळी व भेगा, कार्तिकात दारे-खिडक्या, असा क्रम बांधून घ्यावा. बांध फुटण्याची वाट न पाहता आपण तो दरसाल दुरुस्त करितो. घराच्या छपरासही तोच न्याय लावावा. खर्च थोडा आहे, आणि त्याचे फळ घरातील सर्वांत दुर्बळ माणसास आधी मिळते.