शाळेचे दप्तर आणि बाह्य हार्ड डिस्क : विभाजन व आकुंचन

प्राथमिक शाळेच्या कपाटातील जनरल रजिस्टर ही केवळ शाळेची नव्हे, तर गावातील प्रत्येक घराची मालमत्ता होय. जातीच्या दाखल्यासाठी अनुसूचित जातीच्या अर्जदारास १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातीच्या अर्जदारास ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींच्या अर्जदारास २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गाच्या अर्जदारास १३ ऑक्टोबर १९६७ या दिनांकांपूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा द्यावा लागतो. पुष्कळ कुटुंबांपाशी आजोबा-पणजोबांच्या नावाच्या शाळेतील एका ओळीवाचून दुसरा पुरावा नसतो. त्या ओळीची शाई फिकट होत आहे, कागद घडीवर तुटत आहे आणि कसर आपले काम करीतच आहे. म्हणून अनेक शाळांनी जुन्या रजिस्टरांची छायाचित्रे घेऊन ती बाह्य हार्ड डिस्कवर ठेवण्यास प्रारंभ केला आहे. हा उपक्रम स्तुत्य आहे. तथापि त्याच डिस्कवर शैक्षणिक चित्रफिती, स्नेहसंमेलनाची छायाचित्रे व शालेय पोषण आहाराचे तक्तेही येऊन पडतात. मग जागा अपुरी वाटू लागते, आणि डिस्कचे ‘पार्टिशन’ करावे की फाइली ‘कॉम्प्रेस’ कराव्यात, असा प्रश्न उभा राहतो. या दोन्ही क्रियांचे स्वरूप ओळखल्यावाचून त्यांना हात घालणे हितावह नाही.

१९५६ साली आयबीएम कंपनीने पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली. तिच्यात ५० तबकड्या होत्या व त्यांवर सुमारे ५० लक्ष अक्षरे मावत. आज सदऱ्याच्या खिशात मावणाऱ्या एक टेराबाइटच्या डिस्कवर एक लक्ष कोटी बाइट मावतात. अशी डिस्क संगणकास जोडली असता पडद्यावर मात्र ९३१ गिगाबाइट एवढाच आकडा दिसतो, आणि दुकानदाराने कमी माल दिला अशी शंका येते. वास्तविक तसे काही नाही. उत्पादक शंभर कोटी बाइटांचा एक गिगाबाइट धरतो. विंडोज ही प्रणाली १०२४ गुणिले १०२४ गुणिले १०२४, म्हणजे १,०७,३७,४१,८२४ बाइटांचा एक गिगाबाइट धरते. माल तोच, मापे निराळी.

आता विभाजनाकडे वळू. गावच्या शिवारात एकाच सलग जमिनीचे अनेक गट असतात. कोणता गट कोठून कोठवर, हे जमिनीवर कोरलेले नसते. ते गावच्या दप्तरात नोंदलेले असते. डिस्कवरील विभागांचेही असेच आहे. डिस्कच्या आरंभी एक लहानशी नोंदवही असते, तीत प्रत्येक विभागाचा आरंभ व विस्तार लिहिलेला असतो. जुन्या ‘एमबीआर’ पद्धतीच्या नोंदवहीत चारच मुख्य विभागांना जागा असते आणि सामान्यतः दोन टेराबाइटांपलीकडची जमीन तिला मोजता येत नाही. नव्या ‘जीपीटी’ पद्धतीत विंडोजमध्ये १२८ विभाग करता येतात, आणि त्या नोंदवहीची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी ठेवलेली असते.

यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली अशी की, विभाजन केल्याने एक बाइटही जागा वाढत नाही. बांध घातल्याने शेत मोठे होत नाही, तसेच हे. दुसरी अशी की, ही नोंद पुसली गेली तर आतील मजकूर तत्क्षणी नष्ट होत नाही. उतारा हरवला म्हणून जमीन हरवत नाही. म्हणूनच विभाग चुकून काढला गेल्यास त्या डिस्कवर पुढे काहीही न लिहिता ती बाजूस ठेवावी व जाणकारास दाखवावी. त्या जागेवर नवा मजकूर लिहिला गेला की जुना परत मिळण्याची आशा संपते.

मग विभाजनाचा उपयोग कोणता? प्रत्येक विभागाची मांडणी निराळी ठेवता येते, हा खरा उपयोग होय. ‘फॅट-३२’ ही मांडणी बहुतेक यंत्रांस वाचता येते. परंतु तिच्यात चार गिगाबाइटांहून मोठी एकच फाइल ठेवता येत नाही. डिस्कवर शेकडो गिगाबाइट मोकळे असताना ‘फाइल फार मोठी आहे’ अशी सूचना येते, तिचे कारण बहुधा हेच असते. ‘एनटीएफएस’ मांडणीस ही अडचण नाही. पण वर्गातील काही दूरचित्रवाणी संच ती वाचीत नाहीत. ‘एक्स-फॅट’ मांडणी मोठ्या फाइलीही घेते व निरनिराळ्या संगणकांवर चालते. तेव्हा दप्तरासाठी एनटीएफएसचा एक विभाग आणि वर्गात न्यावयाच्या चित्रफितींसाठी एक्स-फॅटचा दुसरा, अशी योजना करता येईल. अर्थात वर्गातील संच कोणती मांडणी वाचतो, हे प्रथम लहान पेन ड्राइव्हवर पडताळून पाहावे.

विभाजनाची कृती पुढीलप्रमाणे आहे. सर्वप्रथम डिस्कवरील सर्व मजकुराची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यावी व त्यातील काही फाइली उघडून खात्री करावी. त्यानंतर विंडोजमधील ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडावे. तेथे संगणकाची स्वतःची डिस्क व बाह्य डिस्क अशा दोन्ही दिसतात. आकारमान पाहून बाह्य डिस्क निश्चित ओळखावी, कारण येथे झालेली चूक सर्वांत महाग पडते. विभाग एनटीएफएसचा असेल तर ‘श्रिंक व्हॉल्यूम’ या आज्ञेने तो आखडता येतो. आकडा मेगाबाइटमध्ये द्यावा लागतो. ३०० गिगाबाइट हवे असल्यास ३०० गुणिले १०२४, म्हणजे ३,०७,२०० लिहावे. मोकळ्या झालेल्या जागेत ‘न्यू सिंपल व्हॉल्यूम’ या आज्ञेने नवा विभाग करावा व त्यास ‘दप्तर’ किंवा ‘वर्ग’ असे सुबोध नाव द्यावे. मूळ विभाग एक्स-फॅट किंवा फॅट-३२ असेल तर याच साधनाने तो आखडता येत नाही. तो काढून नव्याने करावा लागतो, आणि त्यात आतील सर्व मजकूर जातो. प्रथम प्रत घेण्याचा आग्रह याचसाठी आहे.

आकुंचनाचे तत्त्व तर शिक्षकांच्या रोजच्या हातातील आहे. रजिस्टरात जन्मस्थळाच्या रकान्यात एकाच गावाचे नाव ओळीने वीस वेळा येते, तेव्हा लेखनिक ते एकदा लिहून खाली ‘सदर’ लिहितो किंवा दोन रेघा ओढतो. तसेच ‘मुक्काम पोस्ट’, ‘तालुका’, ‘जिल्हा’ हे शब्द वारंवार येतात म्हणून ‘मु. पो.’, ‘ता.’, ‘जि.’ असे आखूड लिहिले जातात. क्वचित येणारा शब्द मात्र पूर्ण लिहिला जातो. संगणकही हेच करतो. आधी आलेल्या मजकुराकडे बोट दाखविण्याची रीत लेंपेल व झिव्ह यांनी १९७७ मध्ये मांडली, आणि वारंवार येणाऱ्या चिन्हास आखूड खूण देण्याची रीत हफमन यांनी १९५२ मध्ये. १९८९ मध्ये प्रचारात आलेली ‘झिप’ फाइल प्रामुख्याने या दोन रीतींच्या संयोगावर चालते. ती उघडली असता मूळ मजकूर अक्षरशः जसाच्या तसा परत मिळतो. हे निर्दोष आकुंचन होय.

दुसऱ्या प्रकारात मूळ मजकुराचा काही अंश कायमचा गाळला जातो. जेपीईजी छायाचित्रे व नेहमीच्या चित्रफिती या जातीच्या आहेत. डोळ्यास सहसा न जाणवणारे बारकावे सोडून दिल्याने त्यांचे आकारमान फार घटते; परंतु सोडलेले परत मिळत नाही. गोषवाऱ्यावरून मूळ अहवाल पुन्हा लिहिता येत नाही, त्यातलाच हा प्रकार. अशा फाइली पुन्हा झिप केल्या तरी जागा फारशी वाचत नाही. जेथे सगळीकडे ‘सदर’ लिहून झालेले आहे, तेथे आणखी काय आखडणार? तक्ते व साधा मजकूर मात्र झिप केल्यास चांगलाच आटतो. एनटीएफएस विभागात फोल्डरच्या गुणधर्मांतून आकुंचनाची सोय आहे, तिलाही हाच नियम लागू पडतो.

आता मूळ प्रश्नाकडे यावे. जुन्या रजिस्टराचे ए-फोर आकाराचे एक पान इंचास ३०० ठिपके या प्रमाणात रंगीत स्कॅन केले, तर त्यात २४८० गुणिले ३५०८ ठिपके येतात. प्रत्येक ठिपक्यास तीन बाइट धरता सुमारे २६ मेगाबाइट होतात. म्हणजे २०० पानांचे रजिस्टर काहीही न आखडता सुमारे ५.२ गिगाबाइटांत बसते. एक टेराबाइटात अशी ३८,००० पाने मावतात. तात्पर्य, दप्तरासाठी जागा अपुरी पडतच नाही. जागा खातात त्या चित्रफिती, आणि त्या पुन्हा मिळू शकतात. असे असता ‘जागा वाचवावी’ म्हणून रजिस्टराचीच चित्रे बारीक करणे म्हणजे बियाण्याचे धान्य दळून कणगी मोकळी करण्यासारखे आहे. बारीक केलेल्या चित्रात फिकट शाईतील १ आणि ९ यांतील फरक पुसट होतो; त्या एका अंकावर एखाद्याची जन्मतारीख अवलंबून असते. २०१३ साली जर्मनीतील एका संगणकतज्ज्ञाने दाखवून दिले की, काही स्कॅनयंत्रे आकुंचन करताना एका अंकाच्या जागी दुसराच अंक, जसे ६ च्या जागी ८, स्वच्छ व ठळक छापीत होती. पुसट अंक वाचणाऱ्यास निदान सावध करतो. स्वच्छ चुकीचा अंक तेवढेही करीत नाही.

म्हणून रजिस्टराची चित्रे ‘टिफ’ प्रकारात निर्दोष आकुंचनाने ठेवावीत. प्रत्येक चित्र मूळ पानाशी ताडून पाहावे. जागा हवी असल्यास चित्रफिती निवडून कमी कराव्यात व जुने तक्ते झिप करावेत. झिप उघडते याची खात्री झाल्यावाचून मूळ फाइल पुसू नये. डिस्क काढताना ‘सेफली रिमूव्ह’ची आज्ञा द्यावी. मुख्य म्हणजे, एकाच डिस्कचे दोन विभाग म्हणजे दोन प्रती नव्हेत. नदीस पूर आला की बांधाच्या दोन्ही अंगांची पिके एकदमच जातात. डिस्क हातातून पडली तर ‘दप्तर’ व ‘वर्ग’ हे दोन्ही विभाग एकदमच जातील. दुसरी प्रत दुसऱ्या डिस्कवर व दुसऱ्या इमारतीत, शक्य तर केंद्रशाळेच्या कुलूपबंद कपाटात असावी. दर वर्षी शाळा उघडण्यापूर्वी दोन्ही डिस्का जोडून तपासाव्यात.

आणि एवढे सर्व केल्यावरही मूळ रजिस्टर रद्दी झाले असे कोणी मानू नये. चित्र हे मूळ पानाचे संरक्षण आहे, त्याची जागा घेणारे नव्हे. एखादी वृद्धा नातवाला बरोबर घेऊन शाळेच्या पायरीवर येते आणि सासऱ्यांचे नाव सांगते, तेव्हा पडद्यावर ते पान क्षणात सापडावे आणि कपाटातील पानाशी ते अक्षरशः जुळावे, एवढ्यासाठीच हा सारा खटाटोप आहे.